भग्न मैदान आणि जळती गोदी



मे २०२५ मधील गोष्ट आहे. भारत व पाकिस्तान यांच्यात चार दिवस अग्निवर्षाव चालू होता. गावोगावी भोंगे वाजवून सरावही घेतले गेले. त्या दिवसांत एके सायंकाळी प्रार्थना आटोपून आम्ही बाहेर आलो, तो ओट्यावर पाचसहा मुले एका मोबाईलभोवती गोळा झालेली दिसली. पडद्यावर कोणत्याशा इमारतीवर बॉम्ब पडत होता आणि प्रत्येक ज्वाळेसरशी मुले टाळ्या पिटत होती. खांबाला टेकून बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, ‘‘काय पाहता रे, बाळांनो?’’ मुले म्हणाली, ‘‘दुश्मनाचं घर उडवलं, आजी.’’ आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘घरात कोणी होतं का रे?’’

मुलांजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर आमच्याजवळही नव्हते. त्याच आठवड्यात काश्मीरच्या सीमेवरील पूंछ शहरात, ख्रिस्त स्कूल या आपल्याच मिशनच्या शाळेत शिकणारी दोन बालके तोफगोळ्याने मृत्युमुखी पडल्याची वार्ता आली, तेव्हा आजींचा प्रश्न आम्हांस पुन्हा आठवला. बॉम्ब वरून टाकला जातो तेव्हा तो नकाशावरील एका बिंदूवर टाकला जातो. खाली पडतो तेव्हा मात्र तो कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पडतो. या खालच्या बाजूविषयी चार शब्द लिहावे असा या वेळचा विचार आहे.

निमित्त एका चित्रपटाचे आहे. सर्बिया देशात तयार झालेला, सन २००० मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट. त्याचे नाव ‘नेबेस्का उदित्सा’, म्हणजे ‘आकाशातील आकडा’. बास्केटबॉलच्या खेळात हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवून चेंडू कडीत टाकण्याचा जो एक प्रकार आहे, त्याचेच हे नाव. ल्युबिशा समार्जिच हे त्या देशातील नामांकित नट. दिग्दर्शक या नात्याने त्यांचा हा पहिला चित्रपट होय. त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील स्पर्धेत तो दाखविला गेला.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पूर्वीच्या युगोस्लाव्हिया देशाची शकले होत असताना कोसोव्हो प्रांतातील आल्बेनियन लोकांवर सर्बियन सत्तेने घोर अत्याचार केले. लाखो माणसे परागंदा झाली. ते थांबविण्यासाठी म्हणून ‘नाटो’ राष्ट्रांनी २४ मार्च १९९९ पासून १० जूनपर्यंत, म्हणजे ७८ दिवस, त्या देशावर विमानांतून बॉम्ब टाकले. अपराधी कोण होते याविषयी शंका नाही. परंतु बॉम्ब अपराध्याचा पत्ता विचारून पडत नाहीत. त्या ७८ दिवसांत सुमारे ५०० सामान्य नागरिक मारले गेले, असे मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने चौकशीअंती नोंदविले आहे. त्या वर्षी ईस्टरचा सण याच काळात आला. निदान सणापुरते तरी हे हल्ले थांबावेत, असे आवाहन पोप दुसरे जॉन पॉल यांनी केले होते. तथापि विमाने थांबली नाहीत.

चित्रपटात या राजकारणाची चर्चा जवळजवळ नाही. बेलग्रेड शहरातील एक साधी वस्ती आहे. उंच इमारती, मध्ये मुलांचे बास्केटबॉलचे मैदान. एका रात्री बॉम्ब पडतो आणि मैदानाचा ढिगारा होतो. वस्तीत काया नावाचा एक तरुण आहे. पत्नी तियाना त्याच्यापासून विभक्त झाली आहे. त्यांचा लहान मुलगा योवान स्फोटांच्या धसक्याने मुका झाला आहे. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलाला घेऊन देश सोडावा असे आईला वाटते. बापाजवळ पैसा नाही, सत्ता नाही, विमाने थांबविण्याचे सामर्थ्य तर नाहीच नाही. मग हा मनुष्य करतो काय? तो मैदानातील दगडमाती उचलू लागतो. मैदान साफ करावयाचे, कडी पुन्हा उभी करावयाची आणि मुलांना खेळू द्यावयाचे!

प्रथम सोबती त्याची थट्टा करतात, आणि थट्टा करण्यासारखीच ती गोष्ट आहे. आज रात्री पुन्हा बॉम्ब पडणार, मग आज दुपारी ढिगारा कशासाठी उपसावयाचा? परंतु हळूहळू एकेक मनुष्य खाली उतरतो. कोणी रिकामटेकडा, कोणी भांडखोर, कोणी घाबरट. यात वीरपुरुष असा एकही नाही. हीच माणसे मिळून मैदान मोकळे करू लागतात. पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. ज्यांना चित्रपट पाहण्याचा योग येईल त्यांनी तो पाहावा. मात्र तो मोठ्या माणसांसाठी आहे, लहान मुलांना सोबत बसवू नये, इतके सुचवितो.

येथवर वाचून आमचे काही वाचक म्हणतील, ‘‘फादर, बेलग्रेड कोठे आणि आपली वांकिडी कोठे!’’ प्रश्न रास्त आहे. तर मग आपण मुंबईकडे वळू. आश्चर्य असे की बेलग्रेड व मुंबई या दोन्ही शहरांवर एकाच वर्षी, एकाच आठवड्यात, दोन दिवसांच्या अंतराने आगीचा वर्षाव झाला होता.

सन १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले होते. दोन वर्षांपूर्वीच, ६ एप्रिल १९४२ रोजी, म्हणजे ईस्टरनंतरच्या सोमवारी, आपल्या तेलुगू बांधवांच्या विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले होते. तेव्हापासून मुंबईच्या लोकांच्या मनातही धास्ती होती.

‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे एक मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा व स्फोटके होती. सोबत सोन्याच्या लगडी होत्या. खोक्यांत भरलेली लढाऊ विमाने होती. कराचीस पोहोचल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या गेल्या. वर लाकूड, गंधक, राळ, तेलाची पिंपे आणि मासळीचे खत. कप्तानाला ही भर मुळीच पसंत नव्हती. परंतु युद्धकाळात जहाजांची टंचाई, रिकामी जागा ठेवणे परवडत नव्हते. ९ एप्रिल रोजी, त्या वर्षीच्या ईस्टर रविवारी, जहाज कराचीहून निघाले आणि १२ तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. एरवी असा जहाल माल गोदीबाहेर, खोल पाण्यातच उतरवून घेण्याची रीत. युद्धाच्या घाईत ती शिथिल झाली होती.

शुक्रवार, १४ एप्रिल. दुपारच्या जेवणानंतर हमाल कामावर परतले. दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येताना दिसला. खाली कापूस पेटला होता.

येथे आम्हांस आमच्या वाचकांना फारसे समजावून सांगावे लागणार नाही. आपला सारा तालुका कापसावर जगतो. कापसाच्या गंजीत ठिणगी शिरली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी प्रत्येक घर जाणते. वरून पांढरा शुभ्र कापूस, आत मात्र विस्तव चालत असतो. पाणी ओतले तर वरचा थर भिजतो आणि खालचा धुमसत राहतो. मुंबईच्या गोदीत हेच घडले. बंबवाल्यांनी सुमारे ९०० टन पाणी त्या कोठारात सोडले. परंतु कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात. पाणी चढू लागले तशा जळत्या गाठी वर चढू लागल्या, आणि वरच्या मजल्यावर स्फोटके होती. आग विझविण्यासाठी घातलेले पाणीच आगीला दारूगोळ्यापर्यंत उचलून नेत होते.

त्या दोन तासांत धक्क्यावर अनेक अधिकारी जमले होते. एक म्हणे, जहाज जागीच बुडवा. दुसरा म्हणे, ओढून बाहेर समुद्रात न्या. तिसरा म्हणे, पाणी मारीत राहा. परंतु ‘हे करा’ असे निर्विवादपणे सांगण्याचा अधिकार एकाजवळ नव्हता. ज्याच्या त्याच्या हाती एक तुकडा. संपूर्ण जबाबदारी कोणाचीच नाही. या अवधीत खाली मात्र बंबवाले आपल्या जागी उभे राहून पाणी मारीत होते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि पुऱ्या अर्ध्या तासाच्या आत दुसरा. तो पहिल्याहून भयंकर होता.

‘जलपद्म’ नावाचे दुसरे एक मोठे जहाज लाटेने उचलून धक्क्यावर आपटले. कित्येक कोसांवरील खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या शिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्या धक्क्याची नोंद झाली. पेटलेल्या कापसाचे गोळे आणि तापलेले लोखंड आकाशातून वस्तीवर पडले, आणि मांडवीकडची दाट वस्ती, गोदामे व दुकाने पेटली. जपानी विमाने आली असे समजून लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले.

किती माणसे गेली? ७०० पासून १,३०० पर्यंत निरनिराळे आकडे दिले जातात. गोदीत रोजंदारीवर खपणारे हमाल हे बहुतेक कोकणातून व घाटावरून पोट भरण्यासाठी आलेले; त्यांतील प्रत्येकाची नोंद कोण ठेवणार? बंबवाल्यांची नोंद मात्र पक्की आहे. त्यांतील ६६ जण कर्तव्य बजावताना प्राणास मुकले. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. सुमारे ५०,००० टन धान्य जळून गेले. तेही बंगालच्या दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षी.

या साऱ्यात आमच्या मनाला सर्वांत अधिक लागलेली गोष्ट वेगळीच आहे. युद्धामुळे सरकारने ही बातमी छापू दिली नाही. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच ती जगाला सांगितली. आपल्या वृत्तपत्रांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या खेड्यात पोस्टमनची वाट पाहणाऱ्या स्त्रीची कल्पना करा. मनिऑर्डर आली नाही, पत्र नाही. आणि काय झाले हे सांगणारेही कोणी नाही. बेलग्रेडच्या चित्रपटातील मुलगा भीतीने मुका झाला होता. येथे एक संबंध शहर महिनाभर मुके करण्यात आले.

आणि त्याच आठवड्यात बेलग्रेडला काय चालले होते? १६ एप्रिल १९४४ हा रविवार ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा ईस्टर. त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. शहर जर्मनांच्या ताब्यात होते, म्हणून बॉम्ब जर्मनांसाठी होते. मेले त्यांत शहरातील शेकडो रहिवासीही होते. त्यापूर्वी तीन वर्षे, ६ एप्रिल १९४१ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, जर्मनांनी याच शहराचा विध्वंस केला होता. म्हणजे शत्रूने झावळ्यांचा रविवार साधला आणि मित्राने ईस्टर! मुंबईत तर शत्रू नव्हता, विमानही नव्हते. आपल्याच बाजूचे जहाज, आपल्याच बाजूचा दारूगोळा आणि शेजारी शेतकऱ्याच्या कष्टाचा कापूस. युद्धाचा वणवा पेटला म्हणजे तो आपला-परका ओळखत नाही, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

आता पुढचा भाग ऐका. स्फोटानंतर एका पारशी गृहस्थाच्या घरावर, गोदीपासून सुमारे मैलभर अंतरावर, आकाशातून काहीतरी आदळले. पाहतात तो सुमारे तेरा किलो वजनाची सोन्याची लगड! शहर जळत होते, कोणी कोणाला विचारणारे नव्हते. त्या गृहस्थांनी ती लगड परत केली. आणि गोदी? सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला, तेव्हा गोद्या पुन्हा चालू झाल्या. ज्यांनी पाट्या उचलल्या ते गोदीचे मालक नव्हते. त्यांतील पुष्कळांचे भाऊबंद त्याच ढिगाऱ्याखाली गेले असतील. चित्रपटातील कायाला जी थट्टा सोसावी लागली तीच यांनाही कोणी ऐकविली असती: युद्ध अजून संपलेले नाही, मग हे कशासाठी? ते उत्तर देत बसले नाहीत. त्यांनी पाटी उचलली.

१४ एप्रिल ही तारीख आपल्या गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची म्हणून मोठ्या उत्साहाने पाळली जाते. देशभर तोच दिवस अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन असून तेथून पुढे आठवडाभर आगीविषयी लोकजागृती केली जाते. तो मुंबईतील त्या ६६ बंबवाल्यांच्या स्मरणार्थ होय. मिरवणूक पाहावयास जाल तेव्हा मुलांना हेही सांगा.

वाचकहो, आता घरची गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी ठेवता येत नाही. यंदाच्या वेचणीच्या हंगामात आपल्याच परिसरातील एका कुटुंबाचा घरात साठविलेला सारा कापूस जळाला. कापूस गेला, धान्याच्या कणग्या गेल्या, अर्धे छप्पर गेले. देवदयेने माणसे वाचली. आग कशी लागली ते कळले नाही. परंतु आग विझते न विझते तोच गावात दोन गोष्टींची चर्चा सुरू झाली. पहिली, चूक कोणाची. दुसरी, हे कोणत्या पापाचे फळ. ‘‘देव उगाच नाही करत,’’ असे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकले आणि तेही मंदिराच्या दारात. त्या घरचा कर्ता मनुष्य त्यानंतर कित्येक आठवडे चावडीकडे फिरकला नाही. आम्ही स्वतः त्या घरी गेलो ते तिसऱ्या दिवशी. कामे होती हे खरे. पण त्या दिवसांतील एकही काम आज आम्हांस आठवत नाही. त्या माउलीने तरीही आम्हांस चहा दिला, आणि तो चहा घेताना आम्हांस जी लाज वाटली ती आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा लोकांच्या मनात हाच विचार आला होता, आणि प्रभू येशूने त्यांना विचारले होते की, ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय? उत्तरही त्यानेच दिले: नाही. मुंबईचे हमाल पापी म्हणून मेले नाहीत. बेलग्रेडमधील वस्ती किंवा पूंछमधील ती दोन बालके पापी म्हणून मेली नाहीत. आपल्या शेजाऱ्याचा कापूस त्याच्या पापाने जळला असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? खरे असे आहे की, दुसऱ्याच्या दुःखाला त्याचे पाप कारण ठरविले म्हणजे आपणांस पाटी उचलावी लागत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली: कापूस घरात असेल तोवर चूल, विडी आणि विजेची उघडी तार त्यापासून दूर ठेवा, दाराशी पाण्याच्या दोन बादल्या व वाळूचे एक घमेले असू द्या. कापसाला आग लागलीच तर नुसते वरून पाणी ओतून स्वस्थ बसू नका. धुमसणारा भाग ओढून बाहेर काढा आणि उघड्यावर पसरून पुरता विझवा. दुसरी: मुले मोबाईलवर युद्ध पाहत असतील तर जवळ बसा आणि आजींनी विचारला तो प्रश्न विचारा. रागावू नका, नुसते विचारा.

तिसरी गोष्ट अशी. त्या कुटुंबाचे छप्पर अद्याप अर्धेच उभे आहे. पाऊस दूर नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही तेथे जाणार आहोत. वासे मिळाले आहेत, कौले काही कमी पडतात. ज्यांच्याकडे जुनी कौले पडून असतील त्यांनी ती बैलगाडीत घालून आणावी. ज्यांच्याकडे काही नसेल त्यांनी हात आणावेत. आणि ज्यांनी त्या दिवशी काही बोलण्याचे बोलले असेल, त्यांनी तर अवश्य यावे. तेथे कोणी कोणाला काही विचारणार नाही. कौले वर द्यावयास माणसे लागतात, इतकेच.